शून्य नंबरचं गिऱ्हाईक

माझा मामा बूट बनवतो. खरं तर शिवतात बाई. मामा मापं घेतो, साचे काढतो आणि तळवे घडवतो. पण पाटीवर नाव त्याचं, त्यामुळे लोकांच्या लेखी बूट तोच बनवतो. बाईंनी याबद्दल कधी तक्रार केलेली नाही. पाटी पुसायचं काम मात्र आपलंच आहे, एवढं त्या अधूनमधून ऐकवतात.

त्यांच्याकडे येणारे पाय बाजारातल्या बुटांत मावत नाहीत. कुणाचा एक पाय आखूड असतो, कुणाचं बोट बोटावर चढलेलं, कुणाचा तळवा पार सपाट. अशा पायांसाठी मामा चाळीस वर्षं बूट करतो आहे. त्याला सवयच अशी लागली आहे की माणूस भेटला की तो वर बघण्याआधी खाली बघतो. मी लग्न ठरवलं तेव्हा घरातल्या सगळ्यांनी मुलाला शिक्षण विचारलं, नोकरी विचारली. मामाने त्याला दारापासून खिडकीपर्यंत दोनदा चालायला लावलं आणि मग मला बाजूला घेऊन म्हणाला, "टाच सरळ पडते. चालेल." चौदा वर्षं झाली, चाललं आहे.

बाई म्हणजे शिवणबाई. त्यांना खरं नावही आहे, पण त्या नावाने विचारत कुणी दुकानात आलं तर मामासुद्धा क्षणभर गोंधळेल. सव्वीस वर्षांपूर्वी त्या चामड्याचं शिवणकाम करायला आल्या आणि पहिल्याच आठवड्यात दोघांत एक करार झाला. बाईंच्या मशीनला मामाने हात लावायचा नाही आणि मामाच्या टेबलाला बाईंनी. मामाने एकदा तेल घालायच्या निमित्ताने करार मोडला होता. त्यानंतर दोन दिवस सुया तुटत राहिल्या, असं बाई आजही सांगतात. मामा म्हणतो, सुयाच खराब होत्या. हा वाद काही मिटायचा नाही.

दुकान अरुंद आणि लांबट. पुढे काचेचं दार, दाराशी गिऱ्हाइकांचा बाक, खिडकीखाली बाईंचं पायाने चालवायचं जाड शिवणमशीन, भिंतभर पायांच्या आकाराचे लाकडी ठोकळे, आणि आत मामाचं टेबल. त्या टेबलावर एक जुना कॉम्प्युटर आणि त्याच्या शेजारी साचे छापणारा टेबलाएवढाच मोठा प्रिंटर. अठरा वर्षांपूर्वी सपाट तळव्यांच्या एका इंजिनीअर गिऱ्हाइकाने पायाला आराम पडला म्हणून मामाला एक प्रोग्रॅम लिहून दिला. पायाची मापं भरली की बुटाच्या कातड्याचा साचा छापून येतो. प्रोग्रॅम त्या जुन्या यंत्रावरच चालतो, नव्यावर हटून बसतो. त्यात अकराशे माणसांचे पाय आहेत. प्रत्येकाला नंबर, डाव्याउजव्याची मापं, आणि खाली शेऱ्याचा रकाना. कीबोर्डवर मामाने स्वतः कापून चिकटवलेली मराठी अक्षरं आहेत. त्यांतलं 'ळ' दर उन्हाळ्यात सुटतं.

दुकानाचे आणखी दोन नियम सांगायला हवेत, कारण पुढे त्यांनीच मला घाम फोडला. पहिला नियम मामाचा: चुकीचं माप दुकानात ठेवायचं नाही. कागदावर पाय आखताना गिऱ्हाईक हललं की तो कागद तिथल्या तिथे फाडून टोपलीत. "चुकीचं माप पडून राहिलं ना," तो म्हणतो, "की चार वर्षांनी तेच खरं वाटायला लागतं." दुसरा नियम बाईंचा: संध्याकाळी सहाला मेन स्विच बंद. फार वर्षांपूर्वी गोंद तापवायची शेगडी चालू राहिली आणि मागची भिंत काळी झाली, तेव्हापासून बाई स्वतः स्टुलावर चढून मेन स्विच पाडतात, कुलूप लावतात, ते तीनदा ओढून बघतात आणि मगच घरी जातात.

बाईंबद्दल अजून एक. सव्वीस वर्षांत त्यांनी मामाला आपल्या पायाचं माप घेऊ दिलेलं नाही. "मला काय धाड भरली आहे? माझे पाय सरळ आहेत," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. आपल्याच दुकानात त्या बाजारच्या चपला फटक फटक वाजवत फिरतात. मामा तो आवाज ऐकतो आणि चेहरा पाडतो. हलवायाच्या घरी कुणी उपाशी राहावं, तसं त्याला वाटत असणार.

तर असा हा मामा जिन्यावरून पडला. पायात त्याच्याच हातच्या सपाता होत्या, दोन वर्षांपासून तळ बदलायला झालेल्या. "उद्या करतो, उद्या करतो" करत राहिला आणि चौथ्या मजल्यावरून उतरताना पाचव्या पायरीला घसरला. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, सळई बसली. डॉक्टरांनी निक्षून सांगितलं, तीन महिने जिना चढायचा नाही की उतरायचा नाही. मामाच्या इमारतीला लिफ्ट नाही. दुकान दोन वळणांवर, खिडकीतून मान काढली तर पाटीचा कोपरासुद्धा दिसतो. पण मधे ब्याण्णव पायऱ्या.

दादा, म्हणजे मामाचा मुलगा, दुसऱ्या शहरात असतो. त्याने फोनवर विषयाला हात घातला. "बाबा, आता पुरे झालं. तीन महिने बंद राहिलेलं दुकान पुन्हा उघडत नसतं. जागा परत करून टाकू." दादा वाईट नाही. पण त्याला सगळं सुटसुटीत लागतं, माणसंसुद्धा. मामी गेल्यावर त्या घरात मामाला सकाळी उठायला एकच कारण उरलं होतं आणि ते दोन वळणांवर होतं. तो म्हणाला, "महिनाअखेरपर्यंत बघतो. मी घरात बसून दुकान चाललं तर चाललं. नाही तर तू येऊन किल्ली देऊन टाक."

मग माझ्याकडे वळून म्हणाला, "शहाणे, तू कॉम्प्युटरवाली ना? इथे पडल्यापडल्या मला तो कॉम्प्युटर चालवता आला पाहिजे."

मी एका मोठ्या कार्यालयात चारशे कॉम्प्युटर सांभाळते. मामाचा एक म्हणजे माझ्या हातचा मळ, असा माझा समज होता. कॉम्प्युटर उचलून घरी का आणला नाही, असं कुणी विचारील. प्रिंटर जिन्यातून येणारा नव्हता आणि साचे बाईंच्या हाताशीच छापून यायला हवे होते. शिवाय ते यंत्र सुरू होताना असं कण्हायचं की त्याला जागचं हलवायची माझी छातीच झाली नाही.

शनिवारी दुपारी मी दुकानात जाऊन बसले. काम तसं सोपं. दूर बसलेल्या माणसाला या यंत्राचा पडदा आपल्या पडद्यावर बघता यावा आणि तिथून ते चालवता यावं, अशी सोय त्या जुन्या प्रणालीत मुळातच असते. फक्त ती बंद ठेवलेली असते. सिस्टिमच्या खिडकीत रिमोट नावाचा भाग उघडायचा, परवानगीच्या चौकटीत खूण करायची, झालं. घरगुती वापराच्या स्वस्त आवृत्तीत ही सोय नसते, पण त्या सपाट तळव्याच्या भल्या माणसाने कार्यालयात वापरतात ती आवृत्ती बसवली होती. मी मनातल्या मनात त्याला दंडवत घातला. एवढं जुनं यंत्र थेट इंटरनेटवर सोडणं म्हणजे दार सताड उघडं टाकून झोपण्यासारखं, म्हणून मी इंटरनेटच्या तारेला जोडायच्या दोन छोट्या डब्या आणल्या, एक दुकानात बसवली, एक घरी. त्या एकमेकींशीच बोलतात, तिसऱ्या कुणाला दाद देत नाहीत.

सगळं जोडलं, घरी गेले, मामाच्या पलंगावर लॅपटॉप ठेवला, आत शिरायला गेले तर यंत्राने प्रवेश नाकारला. खात्याला पासवर्डच नव्हता. त्या प्रणालीचा हा एक विचित्र बाणा आहे. समोर बसून पासवर्डशिवाय खुशाल वापरा, पण बाहेरून येणाऱ्याला पासवर्डशिवाय ती दारात उभं करत नाही.

"पासवर्ड लावावा लागेल, मामा."

"आजवर कधी लावला नाही."

"आजवर तू पडलाही नव्हतास."

तो विचारात पडला. मग मला म्हणाला, "तू दुकानात जा. कॉम्प्युटर उघडून मला फोन कर. मी आकडे सांगतो, ते घाल." मी गेले. त्याने फोनवर आकडे सांगितले: दोन दोन आठ, दोन तीन एक. मी घातले. आणि माझ्या धंद्याच्या सवयीप्रमाणे बजावलं, "हा कुणाला सांगायचा नाही. कुणालाही नाही." मामा म्हणाला, "नाही सांगणार." हे तो इतक्या चटकन म्हणाला की मला कौतुक वाटलं. मी रोज चारशे माणसांना हेच सांगत असते आणि ती पासवर्ड चिठ्ठीवर लिहून पडद्याला चिकटवतात.

सोमवारी सकाळी नऊला मामा दाढी करून, शर्ट बदलून लॅपटॉपसमोर बसला. दुकानाचं यंत्र काही सापडेना. मी कामावरून अर्धी रजा टाकून धावत गेले. कॉम्प्युटर बंद. बाईंनी मेन स्विच नेहमीप्रमाणे चालू केला होता.

"बाई, याचं बटण दाबायचं राहिलं?"

"मास्तरांच्या टेबलाला मी हात लावत नाही," बाई म्हणाल्या. मामाला त्या मास्तर म्हणतात. "तुला माहीत नाही का?"

माहीत होतं; लक्षात आलं नव्हतं. सव्वीस वर्षांचा करार एका बटणासाठी मोडायला सांगण्याची माझी हिंमत नव्हती. मग मी यंत्राच्या पोटातली एक जुनी सोय शोधून काढली: वीज आली की आपोआप सुरू व्हायचं. आता बाईंनी सकाळी मेन स्विच चढवला की यंत्र आपलं आपण कण्हत उठायचं. बाईंचा नियमही राहिला, करारही राहिला. मला स्वतःचाच फार अभिमान वाटला.

आणि मंगळवारी मामा दुकानात पोचला. म्हणजे पलंगावरच होता, पण समोर त्याचा पडदा होता, त्याची यादी होती. त्याने बोटाने ती वरपासून खालपर्यंत सरकवली. "हे बघ, हा पोस्टमन. ही गाणं शिकवणारी. हा बिचारा गेला मागच्या वर्षी." यादीच्या सगळ्यात वर एक ओळ होती, नंबर शून्य, नावाचा रकाना रिकामा. मी विचारलं, हे कोण? "ते आपलं चाचणीचं," मामा म्हणाला आणि यादी भराभर खाली नेली.

पहिलं काम एका नऊ वर्षांच्या मुलीचं होतं. तिचा डावा पाय अडीच सेंटीमीटर आखूड. सहा महिन्यांत पाय वाढले आणि जुन्या बुटात अंगठ्याचं नख निळं पडलं होतं. तिच्या आईने दुकानात आणलं, बाईंनी बाकावर बसवून कागदावर पाय आखून घेतले. आखताना मुलगी हलली, म्हणून पहिला कागद बाईंनी मामासारखाच फाडून टोपलीत टाकला. दुसरा मी चार मजले चढून वर नेला. मामाने पलंगावर बसून मापं भरली आणि छापायची आज्ञा दिली. दोन वळणांवरच्या दुकानात प्रिंटर खडखडला. बाई साचा कापायला लागल्या, मामा घरी मांडीवर फळी घेऊन बुचाचा तळवा घासायला लागला, आणि मी हमालासारखी वरखाली करू लागले. आठवडा असा गेला. दादाचा फोन आला तेव्हा मामा म्हणाला, "कामात आहे. नंतर कर." असं सांगताना त्याचा चेहरा बघण्यासारखा होता.

पुढच्या सोमवारी मी तळव्यांसाठी चिकटवायचं सामान आणायला दुकानात गेले. बाई मशीनवर होत्या. मान वर केली नाही.

"बाई, सामान न्यायला आले."

"कपाटात आहे."

मी सामान घेतलं. बाईंनी मशीन थांबवलं आणि टेबलाकडे बघितलं. मीही बघितलं. पडद्यावर निळं पान, मामाचं नाव आणि खाली पासवर्डची रिकामी चौकट.

"हे काय आहे?" बाईंनी विचारलं.

"पासवर्ड, बाई. मामा तिकडून चालवतो ना, तेव्हा इकडचा पडदा बंद होतो. आणि सकाळी सुरू झालं की आधी पासवर्ड विचारतं."

"आधी विचारत नव्हतं."

"आता लावला आहे. सुरक्षेसाठी."

"म्हणजे चोरांसाठी."

"हो, तसंच."

"दुकानात दिवसभर कोण असतं?"

मी हातातलं सामान खाली ठेवलं.

बाई शांतपणे म्हणाल्या, "सव्वीस वर्षं या दुकानाची किल्ली माझ्याकडे आहे. आठवडाभर बघते आहे, म्हटलं आज सांगतील, उद्या सांगतील. किल्ली माझ्याकडे आणि कुलूप माझ्यासाठी. मी त्या टेबलाला कधी बोट लावलं नाही, बाळा. लावायचं असतं तर पासवर्डने अडले असते का?" त्यांनी दोरा तोडला. "मुलीचे बूट पुरे करते. शनिवारी येऊन किल्ली घेऊन जा."

मी ब्याण्णव पायऱ्या चढले त्या शरमेने. चूक सगळी माझी होती. मी चारशे माणसांच्या कार्यालयाचा नियम दोन माणसांच्या दुकानाला लावला होता, तोही त्या दोघांतल्या एकाला न विचारता. मामाला सगळं सांगितलं. त्याने घासत असलेला तळवा खाली ठेवला.

त्याने लगेच फोन लावला. बाईंनी उचलला. "मास्तर, अस्तराचं माप पाठवलं नाहीत तुम्ही," म्हणाल्या. मामा म्हणाला, "बाई, ते पासवर्डचं..." पलीकडून उत्तर आलं, "मला त्यातलं काही कळत नाही. अस्तर पाठवा." आणि फोन ठेवला. मंगळवारी तेच. बुधवारी तेच. बाई वेळेवर येत होत्या, मेन स्विच चढवत होत्या, छापून आलेला प्रत्येक कागद नीट कापत होत्या. भांडल्या असत्या तर परवडलं असतं.

बाईंशिवाय दुकान नाही, हे मामाला माझ्याआधी कळलं होतं. साचे काय, कुणीही छापील. ते जाड कातडं वाकड्या पायाला टोचणार नाही असं शिवणारं दुसरं कुणी त्याला माहीत नव्हतं. आणि खरं सांगायचं तर प्रश्न शिवणकामाचा नव्हताच. गुरुवारी त्याने दाढी केली नाही. दादाला फोन करून "शनिवारी येऊन जा" म्हणाला.

"मामा, अरे सांगून टाक बाईंना पासवर्ड," मी म्हणाले. "सांगू नको म्हणणारी मीच आणि सांग म्हणणारीही मीच. सहा आकडे आहेत. फोनवर सांग, नाही तर मी जाऊन सांगते."

"तू नाही सांगायचास." तो एकदम म्हणाला. मग खिडकीकडे बघत बसला. "तो असा नाही सांगता येत."

"का? सहा आकड्यांत असं काय आहे?"

त्याचे कान लाल झाले होते. सत्तरीचा माणूस, खुब्यात सळई, आणि शाळेतल्या मुलासारखे लाल कान. मला त्याचा राग आला होता, पण त्या कानांपुढे तो टिकेना.

शुक्रवारी मी सकाळीच गेले. दादा दुसऱ्या दिवशी येणार होता. मामा उठून बसला होता, गालावर दोन दिवसांची खुंटं. लॅपटॉप मांडीवर घेतलेला, दुकानाचा पडदा समोर उघडा.

"शहाणे, बस. आणि हसू नकोस."

त्याने यादी वर नेली, पार वर, आणि शून्य नंबर उघडला. नावाचा रकाना रिकामाच होता. डावा पाय, बावीस पूर्णांक आठ. उजवा, तेवीस पूर्णांक एक. दोन दोन आठ, दोन तीन एक. मी मामाकडे बघितलं. तो पडद्याकडे बघत होता.

शेऱ्याचा रकाना भरलेला होता. लिहिलं होतं: "समक्ष माप घेऊ देत नाहीत. मशीनच्या पायडलवर कागद ठेवून पेन्सिलने ठसा घेतला, संध्याकाळी त्या गेल्यावर दुकान पुन्हा उघडून. उजवी टाच आत दबते, पायडलमुळे. संध्याकाळी दुखत असणार, बोलत नाहीत. चपला नेहमी अर्धा नंबर मोठ्या घेतात. सांगितलं तर ऐकायच्या नाहीत." खाली तारखा होत्या. दर वर्षी एक ठसा. शेवटची तारीख चार वर्षांपूर्वीची. त्यानंतर गुडघ्यांमुळे मामाला मशीनखाली वाकता येत नव्हतं.

म्हणजे करार मामाने दर वर्षी मोडला होता.

मी हसले नाही. मला हसू आलंच नव्हतं. 

"तिला कळलं असतं ना," मामा म्हणाला. "आकडे ऐकताच. पायांच्या दुकानात सव्वीस वर्षं काढली आहेत तिने. दोन आकडे शेजारीशेजारी ऐकले की ते पाय आहेत हे तिला कळतंच."

"मग आता?"

"आता कळू दे."

त्याने शून्य नंबरचा साचा छापायला घेतला. साच्यावर मापं छापून येतातच, शिवाय मोकळ्या जागेत मजकूर टाकता येतो, एरवी तिथे तो कातड्याचा रंग लिहितो. दोन बोटांनी, अक्षरं शोधत, त्याने लिहिलं: "बाई, पासवर्ड हाच. जुन्या यंत्रात बाहेरून शिरायचं तर लावावाच लागतो. कुलूप तुमच्यासाठी नव्हतं, माझ्यासाठी होतं, कारण मी बाहेर आहे. तुम्हाला न विचारता माप घेतलं, तुमच्या मशीनला हात लावला, त्याबद्दल माफी. सुया खरंच खराब होत्या." मग थोडं थांबून शेवटचं वाक्य खोडलं. आणि छापायची आज्ञा दिली.

अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. आम्ही दोघं पडद्याकडे बघत बसलो. त्यावर तसं बघण्यासारखं काही नव्हतं. छापून झाल्याची एक बारीकशी सूचना आली आणि गेली. तिकडे दुकानात कागद प्रिंटरमधून खाली आला असेल. बाईंनी मशीन थांबवून उचलला असेल. वाचला असेल, किंवा न वाचताच कात्री लावली असेल. खिडकीतून पाटीचा कोपरा दिसत होता, बाकी काही नाही. मामाने माझा हात धरला होता, हे मला बऱ्याच वेळाने जाणवलं.

साडेअकराच्या सुमाराला लॅपटॉपवरचा दुकानाचा पडदा नाहीसा झाला. त्या जागी एक छोटी चौकट आली: दुसऱ्या वापरकर्त्याने या कॉम्प्युटरचा ताबा घेतल्यामुळे तुमचा संपर्क संपला आहे.

"काय झालं? बिघडलं?" मामा घाबरला.

"नाही." मी म्हणाले. "मामा, त्या प्रणालीत एका वेळी एकच माणूस आत राहू शकतो. तिकडे समोर बसून कुणी पासवर्ड घातला, की इकडच्याला बाहेर काढते."

मामाला समजायला थोडा वेळ लागला. मग तो हसायला लागला. खुबा दुखेपर्यंत हसला, आई गं म्हणून थांबला आणि पुन्हा हसला. "हाकललं मला," म्हणाला. "माझ्याच टेबलावरून हाकललं."

मी पुन्हा जोडायला गेले तर त्याने हात धरला. "राहू दे. बसू दे तिला. बघू दे सगळं."

आम्ही थांबलो. मी चहा केला. मामाने दाढीचं सामान मागितलं. दुपारी एक वाजता बाई डबा खायला बसतात, तेव्हा त्याने मला पुन्हा आत शिरायला सांगितलं. दुकानाचा पडदा उघडला. शून्य नंबर तसाच उघडा होता, पण तसाच नव्हता. नावाच्या रकान्यात लिहिलं होतं: शिवणबाई. 'ळ' नसलेल्या त्या कीबोर्डवर एकेक अक्षर हुडकत हे लिहिलं गेलं असणार. उजव्या पायाचं माप बदललेलं होतं. आणि मामाच्या जुन्या शेऱ्याखाली नवा शेरा होता:

"उजवा तेवीस पूर्णांक दोन आहे. आत्ता कागद ठेवून बघितला. चार वर्षांत पाय पसरतो हे तुम्हाला मी सांगावं का. रंग काळा. घाई नाही, आधी मुलीचे."

मामाने ते तीनदा वाचलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा वाचलं. मग दादाला फोन लावून म्हणाला, "उद्या ये, पण जेवायला ये. किल्ली बाईंकडेच राहील." फोन ठेवून तो माझ्याकडे वळला.

"शहाणे, पासवर्ड बदल."

"का? चालतोय की व्यवस्थित."

"दोन तीन दोन कर शेवटी," मामा म्हणाला. "चुकीचं माप मी दुकानात ठेवत नाही."